उघडी व्ही-एट: एका एमजीबीच्या खरेदीचं प्रकरण

चक्कर मारून परत आल्यावर मित्रानं गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. दोन मिनिटं तो नुसता ऐकत बसला होता. हे त्यानंच मला रात्री फोनवर सांगितलं, आणि गाडीबद्दल त्यानं जे जे सांगितलं त्यात आवाजाशिवाय दुसरं जवळजवळ काहीच नव्हतं. हूड, म्हणजे कापडी टप, कसं आहे? लक्षात नाही. ब्रेक? "लागतात रे." खालून बघितलीस का? नाही. "घेऊ का?" एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि उत्तर त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

गाडी अशी. १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन आसनी उघडी गाडी, क्रोमच्या बंपरची, गडद हिरवी, तारांची चाकं. मूळच्या १७९८ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनाच्या जागी रोव्हर या ब्रिटिश कंपनीचं ३५२८ सीसीचं व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन, आणि त्यामागे रोव्हरच्याच एसडीवन या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स. विक्रेता साठीच्या पुढचा, शांत गृहस्थ. गाडी त्यांच्याकडे नऊ वर्षं होती. इंजिन त्यांच्या आधीच्या मालकानं बदलून घेतलं होतं. कुणाकडून, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मागितलेली रक्कम तशाच दिसणाऱ्या मूळ एमजीबीच्या सव्वापट होती. हिशेब सोपा जावा म्हणून मी ती रक्कम पुढे सगळीकडे १०० धरली आहे.

मित्राबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण निर्णय गाडीइतकाच घेणाऱ्यावर अवलंबून असतो. रोजच्या वापराला त्याच्याकडे दुसरी गाडी आहे. ही हवी ती सुट्टीच्या सकाळसाठी आणि वर्षातून दोन-तीन लांबच्या प्रवासांसाठी. गाडी ठेवायला बंद गॅरेज आहे. तेल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे पॅड घालणं त्याला जमतं. वेल्डिंग जमत नाही आणि शिकायची इच्छाही नाही.

त्याच्या ओळखीतल्या दोघांनी गाडी न बघताच नाक मुरडलं होतं. इंजिन बदललं म्हणजे गाडीचा जीवच काढला, असा त्यांचा सूर. मला हा आक्षेप या गाडीपुरता तरी पटला नाही. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती; सगळे प्रकार धरून संख्या पाच लाखांच्या वर जाते. त्यातली एक कुणी बदलली म्हणून ठेवा लुटला गेला असं काही होत नाही. शिवाय या गाडीत व्ही-एट घालणं हे कुणा हौशी माणसाचं खूळही नव्हे. ब्यूइकनं १९६१ साली अमेरिकेत २१५ घन इंचांचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट काढलं आणि थोड्याच वर्षांत सोडून दिलं. १९६५ साली रोव्हरनं त्याचे हक्क घेतले. ॲल्युमिनियममुळे हे आठ सिलिंडरचं धूड एमजीबीच्या बिडाच्या चार सिलिंडर इंजिनापेक्षा जड भरत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलोनं इंग्लंडमध्ये अशा गाड्या बनवून विकायला सुरुवात केली, आणि १९७३ साली कारखान्यानं स्वतःच एमजीबी जीटी व्ही-एट बाजारात आणली. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या बनल्या.

त्या सगळ्या मात्र जीटी, म्हणजे पक्क्या टपाच्या. उघडी व्ही-एट कारखान्यानं त्या काळात विकलीच नाही. ती आली थेट १९९० च्या दशकात, आरव्हीएट या नावानं, आणि तीही दोनेक हजारच. तेव्हा सत्तरच्या दशकातली उघडी व्ही-एट एमजीबी ज्याला हवी, त्याला कुणीतरी बदललेलीच गाडी घ्यावी लागणार. मूळ की बदललेली, हा वाद तिथेच संपला.

पण कारखान्याच्या त्या जीटीचा मला वेगळाच उपयोग झाला. बदललेल्या गाडीची अडचण अशी की तिला ताडून बघायला काही नसतं. मूळ गाडी पुस्तकाशी ताडता येते. हिचं पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही. इथे मात्र हेच इंजिन याच गाडीत बसवताना कारखान्याच्या इंजिनिअरांनी आणखी काय काय बदललं, ते माहीत होतं. मी कागदावर दोन रकाने आखले. एका बाजूला कारखान्यानं काय केलं, दुसऱ्या बाजूला या गाडीत काय झालंय. डावा रकाना घरीच भरून टाकला. रेडिएटर पुढे सरकवला आणि त्याला दोन इलेक्ट्रिक पंखे दिले. मागच्या एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधून येणारा दांडा जितके फेरे घेतो तो आकडा, ३.९ वरून ३.०७ वर आणलं. पुढच्या ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, कॅलिपर बदलले. स्प्रिंगा कडक केल्या. तारांची चाकं या गाडीला दिलीच नाहीत. कार्बोरेटर इंजिनाच्या मागच्या टोकाला नेले, नाहीतर बॉनेट बंद झालं नसतं. उजवा रकाना भरायला आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात गेलो.

गाडीखाली दोन तास

जाण्याआधी विक्रेत्यांना एकच विनंती केली होती: "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." त्यांनी ती पाळली. बॉनेटला हात लावला तर थंड. थंड इंजिन दुसऱ्या फिरकीला सुरू झालं, निळा धूर नाही, टॅपेटचा आवाज क्षणभर आला आणि तेल चढल्यावर गेला. या इंजिनाचा झडपा उघडणारा कॅमशाफ्ट आणि त्यावरचे लिफ्टर झिजतात, विशेषतः तेल वेळेवर बदललं नाही तर. म्हणून तेल भरायचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत डोकावलो. काळा चिखल नव्हता. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ आलं. फाइलमध्ये कॅमशाफ्ट-लिफ्टर बदलल्याचं बिल होतं आणि इंजिन ते बिल खरं ठरवत होतं. मित्राचा चेहरा उजळला. मला त्याची थोडी काळजीच वाटली, कारण इंजिन चांगलं निघालं की माणूस पुढचं तपासायचं सोडून देतो.

बॉनेटवर मध्यभागी फायबरचा फुगवटा होता. एडलब्रॉकचा चार नळ्यांचा कार्बोरेटर उंच पडत असल्यानं तो करावा लागला होता. मूळ बॉनेट विक्रेत्यांनी जपून ठेवलं होतं. ही गोष्ट एका दुपारी फिरवता येण्यासारखी, म्हणून त्यावर मी वेळ घालवला नाही. स्टिअरिंग व्हील, सीट, रेडिओ, हेही तसंच. ज्या बदलाला पाना पुरतो त्याची चिंता मी सहसा करत नाही. ज्याला करवत लागली तो मात्र दिव्याखाली धरून बघतो. आणि १९७२ च्या गाडीत हे इंजिन बसवायचं तर करवत लागतेच. पुढे १९७४ नंतरच्या रबर बंपरच्या गाड्यांचा सांगाडा व्ही-एट डोळ्यांसमोर ठेवूनच घडला होता, त्यामुळे त्यांत हे काम सोपं. आधीच्या गाडीत इंजिनाचे माउंट नवे वेल्ड करावे लागतात, आजूबाजूचा पत्रा कापून जागा करावी लागते.

इथलं काम बरं होतं. माउंटचे वेल्ड सलग, कडेला भेगा नाहीत. मात्र उजव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्यापासून बोटभर अंतरावरून जात होता. पुढची चाकं उचलून स्टिअरिंग हळूहळू फिरवलं, तर प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी किंचित अडत होतं. वर्षानुवर्षं शेजारी भाजून सांध्यातलं ग्रीस वाळलं होतं. सांधा बदलायचा आणि मध्ये उष्णता अडवणारा पत्रा लावायचा, काम छोटं. पण स्टिअरिंगचं असल्यानं ते केल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, अशी खूण मी कागदावर केली.

पंखे दोन होते, रेडिएटरही मोठा. पण त्यांची वायर रिलेशिवाय, म्हणजे मोठा करंट झेलणाऱ्या स्विचशिवाय, थेट जोडलेली. ब्रिटिश गाड्यांची वीजसामग्री बनवणाऱ्या ल्यूकसच्या रंगसंगतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट करंट, स्विच न लागलेला. त्या तपकिरी वायरला कुणीतरी बारीक निळी वायर पिळून वर टेप गुंडाळली होती. पंखे दहा मिनिटं फिरल्यावर ती हाताला गरम लागली. गाडी पेटायला यापेक्षा फार काही लागत नाही. दुरुस्ती मात्र अर्ध्या दिवसाची.

मग जॅक.

ज्यांनी एमजीबी खालून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंग हाच सांगाडा. उघड्या गाडीला टपाचा आधार नसतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं ओझं दारांखालच्या सिलवर येतं. हे सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचं आवरण, मध्ये उभा पडदा, आणि खाली कॅसल रेल म्हणतात तो तळाचा भाग, अशी ती बंद पेटी असते. पाणी आत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पडदा बहुतेक गेलेला असतो. आणि चांगल्या दुरुस्तीसाठी पंख्यांचा, म्हणजे मडगार्डांचा, खालचा भाग कापून वर उचलावा लागतो, कारण सिल दोन्ही टोकांना त्यांच्या आत शिरलेलं असतं. हे खर्चिक पडतं. म्हणून पुष्कळदा काय करतात, तर सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून दाराच्या रुंदीपुरता वेल्ड करून टाकतात. वरून रंग. दिसायला नवं कोरं.

डावीकडे जॅक लावण्याआधी दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट मी वरच्या टोकाला मोजली. चाक जमिनीपासून सुटलं तशी फट डोळ्यांना दिसेल इतकी मिटली, आणि दार उघडायला गेलो तर अडकलं. उजवीकडे फट थोडीशीच हलली, दार उघडलं. मी खाली आडवा झालो. कॅसल रेलला पाणी निघून जायला खाचा असतात, त्या दिसायला हव्यात. डावीकडे त्या नव्हत्याच. सपाट, जाड रंगाचा पत्रा होता. तो बरोबर दाराच्या दोन टोकांना संपत होता. चुंबक लावला तर पुढच्या कोपऱ्यात धरेना. पुट्टी.

विक्रेते वाकून बघत होते. "मी घेतली तेव्हा ही बाजू नवीच करून मिळाली होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज ऐकूनच कळलं की त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. फाइलमध्ये त्या कामाचं एक बिल होतं, अकरा वर्षांपूर्वीचं, त्यांच्या खरेदीच्या आधीचं: डावं सिल, दोन दिवसांची मजुरी. हे काम दोन दिवसांत होत नाही.

हे सगळं इतकं खोलात सांगायचं कारण व्ही-एट. मूळ एमजीबीचं इंजिन साधारण १५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. एसडीवनमधलं व्ही-एट २६० च्या पुढे. प्रत्येक वेळी पेडल दाबल्यावर ती पिळवटणारी ताकद याच दोन पेट्यांमधून जाते. मूळ इंजिनाची गाडी अशा सिलवर आणखी काही वर्षं रेटली असती. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत, आणि त्यांत बसायचं टाळलंही आहे. इथे तो प्रश्नच नव्हता.

चाकांचं थोडक्यात: तारांची चाकं मध्यभागी दातेरी गाभ्यावर बसतात. मित्राला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून मी मागचं उचललेलं चाक हातानं पुढेमागे हलवलं. खट्-खट्. दाते झिजलेले. कारखान्यानं व्ही-एटला ही चाकं का दिली नसतील, त्याचं उत्तर तो आवाजच देत होता. मित्राला तारांची चाकं फार आवडतात. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाचवा गिअर

तिसऱ्या भेटीत चाळीस मिनिटं गाडी चालवली. म्हणजे मी चालवली. मित्राला शेजारी बसवलं आणि बोलायचं नाही असं बजावलं.

तेलाचा दाब तापलेल्या इंजिनात २४०० आरपीएमला ३५ पीएसआयच्या आसपास. दुसऱ्या एखाद्या इंजिनात हा आकडा बघून पोटात गोळा आला असता, पण रोव्हरच्या या व्ही-एटमध्ये तो ठीक असतो. रहदारीत थांबूनही तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. ब्रेक मूळ एमजीबीचेच होते, बारीक डिस्क, जुने कॅलिपर. एकदा जोरात दाबल्यावर छान लागले. उतारावर लागोपाठ चार-पाच वेळा दाबले तेव्हा पेडल मऊ झालं आणि वास आला.

मग मोकळा रस्ता लागला. ताशी १०० किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये इंजिन साधारण ३५०० आरपीएम फिरत होतं. एवढ्या मोठ्या, निवांत फिरायला बनवलेल्या इंजिनासाठी हे फार. पाचवा टाकला तर २८०० वर आलं. मी गाडी बाजूला घेऊन कागदावर आकडे मांडले. मागचा एक्सल ३.९ चा, म्हणजे जुन्या चार सिलिंडर इंजिनासाठीचाच. बॉक्सचा पाचवा गिअर ०.८ च्या आसपास. दोन्हींचा गुणाकार सव्वातीनच्या आतच राहतो. कारखान्याच्या व्ही-एटचा एक्सल ३.०७, आणि ज्या एसडीवनमधून हे इंजिन-बॉक्स आले तिचा ३.०८. म्हणजे या गाडीचा पाचवा गिअर हा खरं तर कारखान्याच्या गाडीचा चौथा. आणि या बॉक्सचा खराखुरा पाचवा, जो १०० च्या वेगाला इंजिन २२०० वर आणून ठेवील, तो या गाडीत अजून बसलेलाच नाही. पहिला गिअरही त्यामुळे इतका बुटका झाला होता की सुटता सुटता दुसरा मागायचा.

मला इथे आधीच्या त्या अनोळखी मालकाचा सगळा प्रवास दिसला. फाइलमध्ये बिलांची गर्दी इंजिनापाशी होती: इंजिन, बॉक्स, कार्बोरेटर, कॅमशाफ्ट, रेडिएटर, हेडर. मग एकदम शांतता. ब्रेकचं बिल नाही, एक्सलचं नाही, स्प्रिंगांचं नाही, वायरिंगचं नाही. इंजिन सुरू झालं, आवाज आला, आणि त्या दिवशी त्याच्यापुरतं काम संपलं. माझ्या मित्रासारखाच तोही गाडीत बसून ऐकत राहिला असेल. माझ्या दोन रकान्यांत डावीकडे सहा ओळी होत्या. उजवीकडे त्यातल्या दोनच पूर्ण भरल्या. रेडिएटर-पंखे, आणि बॉनेटखाली जागा.

कागद

हा भाग मी शेवटी ठेवला, ही माझी चूक. पहिल्याच दिवशी फोनवर विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारीन.

गाडीची पाटी तपासली. जीएचएन-५ नं सुरू होणारा क्रमांक. जी म्हणजे एमजी, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी. कापून बनवलेली जीटी नाही, हे नक्की झालं. ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजीच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत आणि त्यांच्याकडून गाडीचं हेरिटेज प्रमाणपत्र मिळतं. विक्रेत्यांकडे ते होतं: बनल्याची तारीख, मूळ रंग पांढरा, मूळ इंजिनाचा क्रमांक १८-व्ही नं सुरू होणारा. ते इंजिन कुठे गेलं, कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे उद्या कुणाला गाडी पुन्हा मूळ करायची झाली तरी तो दरवाजा बंद.

त्याचं मला दुःख नव्हतं. नोंदणीच्या कागदावर मात्र इंजिनाची क्षमता अजूनही १७९८ सीसी होती आणि क्रमांकही त्याच हरवलेल्या इंजिनाचा. विमाही त्याच आकड्यांवर उतरवलेला. नऊ वर्षं. मी विक्रेत्यांना म्हटलं, "काका, उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसानं बॉनेट उघडलं तर?" ते काही बोलले नाहीत. त्यांनी फाइल माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि तो कागद पहिल्यांदाच वाचावा तसा वाचला.

देशोदेशी नियम निराळे. कुठे इंजिनबदलाला आधी परवानगी लागते, कुठे नंतर तपासणी, कुठे नुसती नोंद पुरते. पण कागदावरचं इंजिन आणि बॉनेटखालचं इंजिन वेगळं असेल तर विकत घेणारा दुसऱ्याची भानगड स्वतःच्या नावावर करून घेतो, यात कुठेही फरक पडत नाही. हे काम विक्रेत्यानं, त्याच्या नावावर गाडी असतानाच, करून द्यायला हवं. यावर घासाघीस करायची नाही असं मी मित्राला सांगितलं. किंमत कमी करून घेऊन हा धोका पत्करण्यासारखा नव्हता, कारण त्याची किंमत किती धरायची हेच कुणाला सांगता येत नाही.

हिशेब

मागितलेली रक्कम १००. दोन्ही सिलं नीट उघडून तिन्ही थरांसकट बदलायची, दार आणि मडगार्ड जुळवायची, रंग: ३०. उजवी बाजू बरी वाटत असली तरी मी ती धरली. एक बाजू सोडून दुसरी करणारा वेल्डर मला पटत नाही. चाकांचे गाभे आणि मागच्या दोन चाकांचा जोड: ८. एक्सलसाठी क्राउन व्हील-पिनियनची जोडी, म्हणजे गुणोत्तर ठरवणारी दातेरी चाकं, आणि बसवण्याची मजुरी: ६. ब्रेक: ५. स्टिअरिंगचा सांधा आणि वायरिंग: २. बेरीज ५१, आणि पत्रा कापल्यावर आत आणखी काय निघेल ते वेगळं. जुन्या गाडीचं सिल कापून आत अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं, असं माझ्या ऐकण्यात नाही.

या घडीला मित्राला मी एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर लगेच देऊ नको म्हटलं. तुला व्ही-एट हवी आहे, की उघडी एमजीबी? उघडी एमजीबीच हवी असेल तर ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असलेली चांगली चार सिलिंडरची गाडी ८० मध्ये मिळत होती. ९५ अश्वशक्तीची, साधी, सुटे भाग सहज मिळणारी; ब्रेक पुरेसे, एक्सल बरोबर, कागद सरळ. सुट्टीच्या सकाळी तीही सुखानं धावते. त्यानं चार दिवस घेतले. मध्ये एकदा तशी एक गाडी चालवूनही आला. "चांगली आहे," म्हणाला. पण इंजिन बंद करताना थांबला नव्हता, हे मी त्याला विचारून घेतलं.

मग त्यानं विक्रेत्यांना ५५ ची बोली दिली, कागद दुरुस्त करून मिळण्याच्या अटीवर. आमच्या बेरजेचा कागद पुढे ठेवला, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. काकांनी शांतपणे वाचलं आणि ८५ वर अडून राहिले. त्यांचंही चूक नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी नव्या सिलची म्हणून घेतली होती आणि तसे पैसे मोजले होते. मित्रानं नमस्कार केला आणि आम्ही निघालो. गाडीत तो तासभर बोलला नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

चार महिन्यांनी काकांचाच फोन आला. जाहिरात त्यांनी त्याच आठवड्यात काढून टाकली होती. कागदाच्या गोष्टीनं त्यांची झोप उडाली होती, ग्राहक मिळो न मिळो, ते आधी करायचं ठरवलं. तपासणी झाली, नोंदणीत आता ३५२८ सीसी आणि खरा इंजिन क्रमांक आहे, विमाही नव्या आकड्यावर. तपासणाऱ्यानंच स्टिअरिंगचा सांधा आणि पंख्यांची वायर बदलायला लावली होती. मग डावं सिल उघडायला गाडी वेल्डरकडे दिली. आतला पडदा दोन ठिकाणी नव्हताच, आणि वेल्डरनं सांगितलेला आकडा ऐकून काकांचा धीर सुटला. "तुमच्या मित्राला अजून हवी आहे का?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही वेल्डरच्या शेडमध्ये होतो. गाडी आडव्या दांड्यांच्या आधारावर, एक बाजू उघडी, रंग नाही, पुट्टी नाही, आतलं सगळं समोर. जुनी गाडी बघायची याहून चांगली वेळ नाही, आणि विकणाऱ्यासाठी याहून वाईट नाही. उजवी बाजूही कापून बघायची परवानगी काकांनी दिली. तिकडचा पडदा शाबूत होता, कॅसल रेल तेवढा तळाशी पातळ झालेला. मी ३० धरले होते ते २४ वर आले. वेल्डर कसा आहे ते बघायला मी त्याच्या शेडमध्ये उभ्या दुसऱ्या दोन गाड्यांखाली डोकं घातलं. वेल्ड सलग होते, आणि दोन्ही गाड्यांना दारांचे दांडे आडव्या सळ्यांनी बांधून मगच पत्रा कापलेला. उघड्या गाडीत हे केलं नाही तर सांगाडा वाकतो आणि मग जन्मभर दार नीट लागत नाही.

सौदा ६२ वर ठरला, आहे त्या अवस्थेत, दांड्यांवर. वेल्डरशी पुढचं बोलणं मित्रानं स्वतःच्या नावानं केलं आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो मागून घेतले. पुढे कधी विकायची वेळ आली तर फाइलमध्ये घालायला.

त्याला आता दीड वर्ष झालं. सिलं झाली, ब्रेक झाले, तारांची चाकं नव्या गाभ्यांसकट तशीच ठेवली. त्या बाबतीत मी हरलो. जॅक लावला तरी दार उघडतं, ते तो येईल त्याला करून दाखवतो. मागचा एक्सल मात्र अजून ३.९ चाच आहे. पिनियनची जोडी खोक्यात येऊन पडली आहे, सहा महिने झाले. मी विचारलं की म्हणतो, "बसवू रे. पण मग आवाज कमी होईल ना?"